हनुसंधीची गती आणि संगणकीय प्रतिरूप

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगताना हनुसंधीस ‘वायसतुण्ड’ म्हटले आहे. कावळ्याच्या चोचीची ही उपमा ऐकताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे बिजागरी उभी राहते आणि त्याचे शिक्षण तेथेच अडते. वस्तुतः तोंड उघडू लागले की खालच्या जबड्याचे काँडाइल हे गोलसर टोक प्रथम मुख्यतः जागीच फिरते. सुमारे २० ते २५ मिलिमीटर उघडल्यावर ते शंखास्थीच्या उंचवट्यावरून खाली व पुढे घसरू लागते. प्रौढाचे तोंड साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर उघडते, यावरून या घसरण्याचे महत्त्व ध्यानी यावे.

कवटीच्या सांगाड्यावर ही घसरण दिसत नाही. पुस्तकातील आकृतीत तर नाहीच. दंतवैद्यक महाविद्यालयांत दातांचे प्लास्टरचे साचे आर्टिक्युलेटर या यंत्रावर बसवून जबड्याच्या हालचाली शिकवितात. यंत्र उपयुक्त खरे, परंतु त्याला स्नायू नाहीत. स्वीडनचे उल्फ पोसेल्ट यांनी १९५२ साली जबड्याच्या गतीच्या सीमारेषा दाखवून दिल्या. त्यांवरून जबडा कोठपर्यंत जातो हे कळते, कशाने जातो हे कळत नाही.

ही उणीव संगणकीय प्रतिरूप भरून काढते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विकसित झालेल्या ‘आर्टिसिंथ’ या प्रणालीत अस्थी घन वस्तू म्हणून व स्नायू त्यांना ओढणारी बले म्हणून मांडता येतात. चर्वणाचे असे एक प्रतिरूप २००८ साली प्रसिद्ध झाले. अशा प्रतिरूपात एकाच बाजूचा लॅटरल टेरिगॉइड स्नायू आकुंचित केला की हनुवटी विरुद्ध बाजूस सरकते. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी विसरत नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या दृष्टीने याचे मोल हनुग्रहाच्या प्रकरणी आहे. जांभई देताना तोंड उघडेच राहिलेला रुग्ण समोर येतो. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत अशा वेळी हनूचे स्वेदन करून अंगठ्यांनी ती दाबावी व तर्जनींनी हनुवटी उचलावी, असे सांगितले आहे. आधी दाबणे कशासाठी? काँडाइल उंचवट्याच्या पुढे अडकलेले असते. हनुवटी नुसती वर रेटली तर ते तेथेच अधिक घट्ट बसते. मागील दाढांवर खाली दाब दिला, तरच ते उंचवटा ओलांडून मागे जाऊ शकते. पडद्यावर दोन्ही कृती करून पाहिल्यास क्रमाचे कारण आपोआप उलगडते. (अंगठ्यांस कापड गुंडाळावे हे मात्र संगणक सांगत नाही, संधी बसताच दात एकदम मिटतात.)

प्रतिरूपाला वेदना नाही, भीतीने ताठरलेले स्नायू नाहीत. म्हणून ते पाहून झाल्यावर विद्यार्थ्याने कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून स्वतःच्या हनुसंधीची घसरण स्पर्शाने अनुभवावी. आघाताचा इतिहास असल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी संधी बसविण्याचा प्रयत्न करू नये. आणि औषधी दुकानात कोणी ‘जबडा अडकला, मालिशचे तेल द्या’ म्हणून आल्यास, तोंड मिटत नसेल तर, दुकानदार बंधूंनी त्यास तेल न देता त्वरित वैद्याकडे पाठवावे.