ट्रॉलीचा टायर कां फुटतो?

गेल्या मार्च महिन्यांतील गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गांत मी ‘उष्णतेनें कोंडलेल्या वायूचा दाब वाढतो’ हा पाठ शिकवीत होतों. उन्हांत ठेवलेल्या फुग्याचें नेहमींचें उदाहरण देऊन झालें. इतक्यांत मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, म्हणूनच आमचे वडील दुपारीं ट्रॉलीच्या टायरांतली हवा थोडी सोडतात. नाहीं तर टायर फुटतो.” सगळ्या वर्गानें माना डोलाविल्या. सांगावयास लाज वाटते, पण मीही “बरोबर आहे” असें म्हणालों आणि फळा पुसला.

त्या मुलाचे वडील ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊंस पोंचवितात. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांच्या मागल्या ट्रॉलीचा एक टायर उतारावर फुटला. ट्रॉली कलंडली, मोळ्या रस्ताभर पसरल्या. गाडीवान सावध असल्यामुळें मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु त्याच उसावर एरवीं तोडणी कामगारांचीं दोन-तीन लहान मुलें बसून येत असत; त्या दिवशीं तीं अड्ड्यावर राहिलीं होतीं, इतकेंच.

हें कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी त्या गृहस्थांबरोबर टायरवाल्याच्या दुकानीं गेलों. टायरवाल्यानें फुटका टायर उलटा करून आंतली बाजू दाखविली. कडेच्या भिंतीवर आंतून सभोंवार एक चरा पडला होता. तेथील रबर कुसकरून त्याची काळी पूड झाली होती, आणि खालचे दोरे पिंजल्यासारखे सुटे झाले होते. “हा हवा जास्त होऊन फुटला नाहीं, सर,” तो म्हणाला, “हा कमी हवेवर चालून चालून मेला.” माझा अर्धवट सोडलेला पाठ त्यानें एका वाक्यांत पुरा करून दिला. तोच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें सविस्तर मांडीत आहें.

चाकाचें रबर वजन पेलतें अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक वजन पेलते ती आंत कोंडलेली हवा; रबर आणि दोरे ही त्या हवेची पिशवी होय. ही कल्पना प्रथम रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थास सुचली व त्यानें इ. स. १८४५ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पण त्या काळीं ती फारशी प्रचारांत आली नाहीं. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची नळी बसविली, तेव्हांपासून हवेचीं चाकें जगभर पसरलीं.

आतां थोडें गणित करूं. एका टायरवर २,००० किलो भार आहे आणि आंत ८० पौंड हवा आहे, असें धरा. ८० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ५·६ किलो. तेव्हां हा भार पेलण्यास टायरचा सुमारें ३५७ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीस टेकला पाहिजे. आपल्या वहीच्या पानाहून थोडा मोठा. हवा ५६ पौंडांवर आली, तर तोच भार पेलण्यास सुमारें ५१० चौरस सेंटिमीटर टेकावे लागतील. तितकें टेकण्यासाठीं टायर अधिक चपटा होतो आणि त्याच्या बाजू अधिक वांकतात. सारें अनर्थाचें मूळ या वांकण्यांत आहे.

एक लोखंडी तार घेऊन ती एकाच जागीं भराभर वांकवा व सरळ करा. दहा-वीस वेळां केल्यावर ती जागा गालाला लावून पाहा, गरम लागेल. आणखी कांहीं वेळ तसेंच करीत राहिलांत तर तार तुटेल. टायरच्या बाजूचें हेंच होतें. साधारण एक मीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत तीनशेंहून अधिक फेरे घेतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत बाजूचा प्रत्येक भाग एकदां वांकून एकदां सरळ होतो. शेतापासून कारखाना वीस किलोमीटर असेल तर सहा हजारांवर वांकणीं झालीं. रबर उष्णता सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. ती आंतच सांठते, रबराची दोऱ्यांवरील पकड सुटते, आणि एखाद्या खड्ड्याशीं किंवा नुसत्या सपाट रस्त्यावरही टायर धडाक्यानें फुटतो. आवाज ऐकणारा म्हणतो, “हवा जास्त झाली!”

मग उष्णतेनें दाब वाढतो हें खोटें का? मुळींच नाहीं. पण किती वाढतो, हें माझ्या विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं व मीं सांगितलें नाहीं. सकाळीं २७ अंशांवर ८० पौंड हवा भरली. चालून टायर ५७ अंशांवर आला. निरपेक्ष तपमान ३०० वरून ३३० झालें, म्हणजे एक-दशांशानें वाढलें. बाहेरच्या हवेचे १५ पौंड मिळवून ९५, त्याचे झाले १०४·५. पुन्हां १५ वजा करून गेज दाखवील सुमारें ९० पौंड. ही दहा पौंडांची वाढ टायर करणाऱ्यानें आधींच हिशेबांत धरलेली असते. चांगला टायर याच्या किती तरी पट दाब सोसूं शकतो. आतां दुपारीं कोणी ते दहा पौंड सोडून दिले, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड टायरांत ८० ऐवजीं ७१ च पौंड उरतील. दुपारीं पुन्हां सोडले कीं आणखी कमी. असे चार दिवस गेले म्हणजे ज्या टायरास वाचविण्याची खटपट चालली होती, त्याचाच जीव घेतला जातो. हवा तपासावी ती सकाळीं, गाडी हलण्यापूर्वीं, टायर थंड असतां. आणि तापलेल्या टायरांतील हवा कधींही सोडूं नये.

ट्रॅक्टरच्या टायरांपेक्षां ट्रॉलीचे टायर अधिक फुटतात, यालाही कारणें आहेत. ट्रॅक्टरचें चाक बसलें तर सुकाणूंत लागलीच कळतें. दोन ट्रॉल्यांच्या मागचें चाक बसलें तर पुढें बसलेल्यास कांहींच कळत नाहीं, आणि इंजिनाचा, हल्लीं गाण्यांचाही, आवाज इतका असतो कीं ऐकूंही येत नाहीं. शिवाय आपल्याकडे ट्रॉलीला नवा टायर घालणें ही उधळपट्टी समजतात. ट्रकवरून उतरलेला, रिमोल्ड केलेला टायर तिच्या नशिबीं येतो. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. ३५१९ असें असेल तर तो २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर भाराखालीं घालूं नये. रबरही म्हातारें होतें. मुलांनीं घरच्या ट्रॉलीवर हे आंकडे शोधून पाहावेत.

हंगाम संपल्यावर ट्रॉली सहा-सात महिने बांधावर उन्हांत उभी असते. हवा हळूहळू जाते, एकाच जागीं दाब पडतो, उन्हानें बाजूंना बारीक भेगा पडतात. आणि दिवाळीनंतर तिच्यावर एकदम आठ-दहा टन ऊंस चढतो. आंसाखालीं दगड-लांकूड देऊन चाकें उचलून ठेवावीं व त्यांवर पोतीं टाकावींत. याला खर्च कांहींच नाहीं. जेथें जोडचाकें असतात तेथें आंतल्या टायराकडे कोणी पाहात नाहीं. तो बसला कीं त्याचा सर्व भार शेजाऱ्यावर पडतो, आणि फुटतो मात्र शेजारी. बैलांच्या चालीसाठीं केलेली टायरगाडी ट्रॅक्टरमागें जोडून पळविणें याविषयीं मी अधिक लिहीत नाहीं. ज्यानें तें पाहिलें आहे त्यास कळेल. लोखंडी टॉमी टायरवर मारून आवाज ऐकण्याची चाल मात्र सर्वत्र आहे. तिनें पूर्ण बसलेला टायर ओळखतां येतो. ऐंशी पौंड आणि साठ पौंड यांतला भेद कोणाच्याही कानास कळत नाहीं. त्यासाठीं गेज लागतो, आणि त्याची किंमत एका टायरापुढें कांहींच नाहीं.

इतकें करूनही खिळा, कांच, दगड हीं रस्त्यावर आहेतच. म्हणून टायर फुटल्या क्षणीं काय करावें हें पालकांनीं शांतपणें वाचावें. मनुष्याचा पहिला आवेग जोरानें ब्रेक दाबण्याचा असतो, आणि तोच घात करितो. उतारावर बैलांनीं एकाएकीं पाय रोवले तर भरलेली गाडी त्यांच्या मानेवर येते, हें आपल्या वाडवडिलांस पक्कें ठाऊक होतें. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागें वीस टन ऊंस. ट्रॅक्टर थांबला तरी ट्रॉल्या थांबत नाहींत. त्या पुढल्यास ढकलतात, दांडा कोनांत वळतो आणि सगळी माळ चाकूच्या पात्यासारखी मिटते. म्हणून दांडा ताणलेला राहील असें करावें. सुकाणूं दोन्ही हातांनीं घट्ट व सरळ धरावें. रेस हळूहळू कमी करावी. क्लच दाबूं नये, गाडी न्यूट्रल करूं नये. फुटलेलें चाक स्वतःच गाडीस मागें खेंचीत असतें. तें जणूं ब्रेकचेंच काम करितें, त्यास तें करूं द्यावें. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक असतील तर ते हलकेच लावावेत. वेग पायीं चालण्याइतका झाल्यावर मगच ट्रॅक्टरचा ब्रेक. बाजूस घेण्याची घाई करून मऊ साइडपट्टीवर जाऊं नये. रुतलेली ट्रॉली फुटलेल्या बाजूस कलंडते.

येथें एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांसाठीं ब्रेकचीं दोन पेडलें असतात. शेतांत वळतांना त्यांपैकीं एकच दाबतात. रस्त्यावर येतांना तीं खिटीनें एकत्र जोडलीं पाहिजेत. खिटी लावावयाची राहिली आणि घाबरून एकच पेडल दाबलें गेलें, तर न फुटलेल्या टायरांनिशींही ट्रॅक्टर उलटेल.

गाडी थांबल्यावर धोका संपला असें समजूं नये. रात्र असेल तर तो वाढतो. साठ किलोमीटर वेगानें येणारी मोटारसायकल एका सेकंदांत जवळजवळ सतरा मीटर तोडते, आणि अंधारांत उभी असलेली उसाची ट्रॉली तिच्या स्वारास फार उशिरां दिसते. पहिलें काम टायर पाहण्याचें नसून मागें शंभर पावलें जाऊन लाल दिवा किंवा चकाकणारा त्रिकोण ठेवण्याचें आहे. रिकामें पोतें किंवा झाडाची फांदी रात्रीं दिसत नाहीं. मग बाकीच्या चाकांस दगड लावावेत, आणि काम झाल्यावर ते आठवणीनें उचलावेत; रस्त्यावर राहिलेल्या दगडानें दुसऱ्याचा संसार उघड्यावर येतो. जॅक आंसाखालीं, फळीवर ठेवावा. शक्य तर ऊंस उतरून घ्यावा, आणि उचललेल्या ट्रॉलीखालीं शरीराचा कोणताही भाग नेऊं नये. चाक लॉक-रिंगेचें असेल तर नट सैल करण्यापूर्वीं त्यांतली हवा पूर्ण सोडावी. जोडचाकांपैकीं न फुटलेल्याचीसुद्धां. हवा भरतांना रिंगेच्या समोर उभें राहूं नये. ती सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी येते.

मुलांनो, तुमच्यासाठीं एवढेंच कीं ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधील दांड्यावर, मडगार्डवर व उसाच्या मोळ्यांवर बसूं नका, आणि तोडणीवाल्यांच्या मुलांस बसूं देऊं नका. मोठीं माणसें “कांहीं होत नाहीं” असें म्हणतील. मीही वर्गांत “बरोबर आहे” असें म्हणालों होतों.

त्या विद्यार्थ्याला मीं जूनमध्यें सगळ्या वर्गासमक्ष माझी चूक सांगितली. या हंगामांत तो रोज सकाळीं वडिलांबरोबर ट्रॉल्यांच्या टायरांची हवा मोजून वहींत लिहून ठेवीत आहे. एका टायरचा आंकडा दर चार दिवसांनीं पांच-सहा पौंडांनीं उतरतो असें त्याच्याच ध्यानांत आलें, आणि पाहूं जातां व्हॉल्व्हमधून हवा झिरपत होती. ती वही व टायरवाल्यानें दिलेला त्या फुटक्या टायरचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेंत खिडकीजवळच्या फडताळांत ठेवलेला आहे. पालकांनीं शाळेंत याल तेव्हां तो अवश्य पाहावा, आंतल्या बाजूनें बोट फिरवून पाहावें. काळी पूड अजून बोटास लागते.