मनाचा आजार : राजीनाम्याची घाई नको

मधुमेह झाला म्हणून कोणी नोकरी सोडत नाही. मनाचा आजार झाला की मात्र घरचेच राजीनाम्याची घाई करतात. ‘चारचौघांत शोभा नको, घरी बसलेला बरा,’ असे माझ्या दवाखान्यात नेहमी ऐकू येते. औषधांनी पुष्कळ रुग्ण काही महिन्यांत सावरतात. पण तोवर हातची नोकरी गेलेली असते. म्हणून आजार भरात असताना राजीनाम्यावर सही करू नये. डॉक्टरांचा दाखला जोडून रजेचा अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेची नोकरी असेल, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे. त्यात मानसिक आजारही येतो. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुने काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते.

कारखान्यात पगारातून कामगार विम्याची (ई.एस.आय.) वर्गणी कापली जात असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के दराने भत्ता मिळतो. सायकोसिस, म्हणजे भास व भ्रमाचा गंभीर आजार असेल आणि नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

आजार लांबलाच तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. स्वतःची निगा, माणसांत वागणे, बोलणे-समजणे आणि काम या चार गोष्टी पाहून टक्केवारी ठरते. ती ४० किंवा अधिक असेल व उत्पन्न मर्यादेत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत अर्ज करता येतो. प्रमाणपत्राला वेडाचा शिक्का समजून लाजू नये.

कामावर परतताना सुरुवातीला जमल्यास हलके काम मागावे. रात्रपाळी टाळावी, कारण झोप मोडली की आजार उलटू शकतो. गोळीने सुस्ती येत असेल, तर यंत्रावर उभे राहण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा वेळ बदलून देतील. ‘कामावर जातो, आता गोळी कशाला?’ असे म्हणून ती मनानेच बंद करू नये.

अडचण आली तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.