घशाचे दुखणे आणि शाळकरी मुलांचे हृदय

थंडीला सुरुवात झाली की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. ‘घसा धरला आहे’ हे त्यामागील नेहमीचे कारण. बहुतेक वेळा हे दुखणे विषाणूंमुळे होते. त्याच्या जोडीला सर्दी, खोकला किंवा बसलेला आवाज असतो. तीन-चार दिवसांनी उतार पडतो आणि आठवड्याभरात घसा पूर्ववत होतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, विश्रांती व भरपूर पाणी एवढे त्यास पुरते. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. तरीही दुकानातून दोन-चार गोळ्या आणून घेण्याची प्रथा खेड्यांत आणि शहरांतही सारखीच रूढ आहे.

मात्र ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांत आढळणारा घसादुखीचा एक प्रकार निराळा असतो. तो स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंमुळे होतो. ताप एकाएकी चढतो, थुंकी गिळतानाही वेदना होतात, टॉन्सिल लाल होऊन सुजतात, जबड्याखालच्या गाठी दुखतात. सर्दी-खोकला मात्र बहुधा नसतो. हे दुखणेही औषधाविना आठवड्याभरात ओसरते, आणि खरा धोका येथेच आहे. मूल खेळू लागते, घरचे निर्धास्त होतात. पुढे दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिज्वर होतो. जिवाणूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. गुडघा, घोटा, कोपर असे सांधे एकामागून एक सुजतात आणि बरेही होतात. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा कायम राहू शकते. पुष्कळदा ती अनेक वर्षांनी, धाप लागू लागल्यावर किंवा तरुण स्त्रीच्या गरोदरपणात उघडकीस येते. त्या जुन्या घसादुखीची तोवर कोणाला आठवणही नसते.

म्हणून वरील लक्षणे असलेल्या मुलास आठवडाभर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य उपचार मिळाल्यास संधिज्वर टळू शकतो. पेनिसिलिनच्या गोळ्या १० दिवस घ्याव्या लागतात किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत.

काही लक्षणांत मात्र एका दिवसाचाही विलंब चालत नाही. घशात करड्या रंगाचा पडदा दिसणे व मान सुजणे हे घटसर्पाचे चिन्ह होय. लसीकरण अपुरे राहिलेल्या मुलांत त्याची भीती अधिक. श्वासास अडथळा, तोंड न उघडणे, लाळही न गिळता येणे, अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्या प्रौढाचा घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ दुखत वा बसलेला राहिल्यास कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी आवश्यक ठरते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांत संधिज्वरजन्य हृदयविकाराचा समावेश आहे. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलास बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत हा क्रम हमखास तुटतो. कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच शिक्षकांनी किंवा पंचायत सदस्यांनी इंजेक्शनच्या तारखांचे कार्ड त्यांच्या हाती दिले, तर मुक्कामाजवळच्या आरोग्य केंद्रातून पुढील मात्रा मिळविणे सोपे जाते.