वाफेत काळवंडलेला गुळव्या

प्रश्न : आमच्या भागात हंगाम सुरू झाला की मी पहाटे गुऱ्हाळावर फोटो काढायला जातो. वाफेतला गुळव्या दर वेळी काळा येतो, वाफही मळकट दिसते. महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?
– एक हौशी वाचक, बिद्री (ता. कागल)

उत्तर : मुळीच नाही, आहे तोच कॅमेरा पुरेल. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. काहिलीवरची पांढरी वाफ चौकटभर पसरली की तो उजेड कमी करतो आणि माणूस काळवंडतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ वर ठेवा. मोबाइल असेल तर गुळव्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची खूण वर सरकवा. आयएसओ १६०० पर्यंत वाढवायला हरकत नाही. शटर मात्र १/१२५ सेकंदापेक्षा मंद नको, नाहीतर रस ढवळणारे हात धूसर येतील.

थंडीतून आत शिरताच लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या, वाफेत लेन्स बदलू नका. उकळत्या काहिलीपासून लांब उभे राहा आणि गुळव्याला विचारूनच फोटो काढा. एवढं सांभाळलंत तर याच हंगामात फरक दिसेल.