घरातील वस्तूंतून व्याकरण

व्याकरण रूक्ष आहे, अशी तक्रार शाळाशाळांतून ऐकू येते. ही रूक्षता विषयात नसून शिकविण्याच्या क्रमात आहे. शाळेत व्याख्या आधी येते व उदाहरणे मागाहून. मूल भाषा शिकते ते नेमके याच्या उलट. लहान मूल 'मी करलं' असे म्हणते, तेव्हा ते कोणाचे अनुकरण करीत नसते. 'धर–धरलं', 'भर–भरलं' यांवरून त्याने स्वतःच नियम बांधलेला असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली व मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. लिंग व वचन मात्र त्यापूर्वी कित्येक शतके घरोघर चालत आले होते. म्हणून व्याकरणाचा पहिला वर्ग स्वयंपाकघरात भरावा. त्यासाठी पुढील तीन खेळ पुरेसे आहेत.

(१) भांडी लावणे. घासलेली भांडी मुलाने तीन ठिकाणी लावावीत. तवा, डबा, झारा हे 'तो'च्या घरात. परात, पळी, वाटी 'ती'च्या घरात. ताट, पातेले, लाटणे 'ते'च्या घरात. प्रत्येक वस्तू ठेवताना 'माझा डबा, माझी वाटी, माझे ताट' असे म्हणावे. 'लिंग' हा शब्द येथे उच्चारू नये.

(२) एक आणि अनेक. आईने 'एक आंबा' म्हणावे, मुलाने 'दोन आंबे' म्हणावे. चिंच–चिंचा, भाकरी–भाकऱ्या, केळे–केळी असे चालता चालता मध्येच 'एक लाडू' येतो व मूल अडखळून हसते. लाडू, पेरू, दगड हे बदलत नाहीत; आंबा, डबा, तवा बदलतात. असे का, हे मुलासच शोधू द्यावे. 'तो'च्या घरातील शब्दाच्या शेवटी 'आ' असेल तर बहुधा तो बदलतो, हे ते स्वतः सांगेल. काका व मामा मात्र कितीही आले तरी तसेच राहतात, हेही त्याच्या ध्यानात येईल.

(३) लपविलेला खडा. खडा लपवावा व मुलाने ठिकाण ओळखावे : डब्यात, सुपात, परातीत, विटेखाली, भिंतीमागे. 'डबात' असे कोणीच म्हणत नाही. मग वीट व भिंत यांची तुलना करावी. एकीचे 'विटे' झाले, दुसरीचे 'भिंती'. याची किल्ली दुसऱ्या खेळात आहे : विटा म्हणून विटेखाली, चिंचा म्हणून चिंचेत, भिंती म्हणून भिंतीमागे, चुली म्हणून चुलीत. सामान्यरूपाचा हा नियम पाठ करण्यास कठीण, पण खेळात सहज सापडणारा आहे.

या तिन्ही खेळांस अक्षरओळख लागत नाही. 'आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार?' असे म्हणणाऱ्या आईला शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे. व्याकरण तिच्या जिभेवर आहेच.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. घरी 'लाटणं' म्हणतात, पुस्तकात 'लाटणे' छापतात. वऱ्हाडातील कित्येक घरांत डोळ्याला 'डोया' म्हणतात. अशा शब्दांवर 'चूक' असा शिक्का मारू नये. 'घरी असे बोलतो, पुस्तकात असे लिहितो' एवढेच सांगून दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवावीत. बाग, ढेकर, तंबाखू यांसारखे शब्द तर व्याकरणकारांनीही एकाहून अधिक लिंगांत घातले आहेत. आपल्या आईची भाषा अशुद्ध आहे असे ज्या मुलाच्या मनावर ठसते, ते वर्गात तोंड उघडण्यास कचरते. आणि जे बोलतच नाही, त्याला व्याकरण कशाचे शिकवावे?

पालकसभेत हे खेळ प्रत्यक्ष करून दाखवावेत. घरी दहा मिनिटे पुरेत. वही नको, गुण नकोत. दुसऱ्या दिवशी मुलांनी आणलेले शब्द फळ्यावर तीन रकान्यांत मांडावेत, नियम त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा, आणि पुढे यथावकाश त्या नियमाचे पुस्तकातील नाव सांगावे. ओळखीच्या गोष्टीचे नाव मुले विसरत नाहीत.