आमच्या वर्गातली बुटकी कोरफड

मुलामुलींनो, आपल्या वर्गाच्या खिडकीत तीन सुगडे ओळीने ठेवलेली तुम्ही रोज पाहता. त्यांत जी काटेरी, ठिपक्याठिपक्यांची रोपे आहेत ती कोरफडच आहे. गुरुजी म्हणाले, "या महिन्याच्या भित्तिपत्रकात तिच्याबद्दल तूच लिही." मीच का, ते पुढे कळेल.

आपल्याकडे बांधावर, परड्यात जी मोठी कोरफड असते तिची पाने हातभर लांब होतात. ही तशी नाही. हिचे पान माझ्या करंगळीपेक्षा लांब होत नाही. पाने तिकोनी असतात आणि एकावर एक रचल्यासारखी वर चढतात. कडेला पांढरे दाते असतात, पण ते फारसे टोचत नाहीत. हिचे मूळ गाव आफ्रिकेतला केनिया देश. गुरुजींनी नकाशात दाखवला, आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडे आहे. कोरफडीच्या जाती ५०० हून जास्त आहेत. मादागास्कर बेटावर एक जात आहे, तिची पाने तीन-चार सेंटिमीटरचीच असतात. म्हणजे आपली बुटकी काही सगळ्यात बुटकी नाही.

हे रोप आम्हाला तिसरीला शिकवणाऱ्या बाईंचे. जूनमध्ये बाईंची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. जाताना त्यांनी टेबलावरची कुंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिला सांभाळ गं." सगळा वर्ग बघत होता. मला फार अभिमान वाटला.

मी तिला रोज पाणी घातले. सकाळी एक तांब्या, शाळा सुटताना एक तांब्या. रविवारीसुद्धा येऊन घालत होते. शिवाय पावसाचे पाणी चांगले असते म्हणून कुंडी पागोळीखाली ठेवली. नागपंचमीच्या सुमारास खालची पाने पिवळी पडली. मला वाटले, पाणी कमी पडतेय, म्हणून अजून घातले. मग पाने शिजलेल्या भेंडीसारखी मऊ झाली आणि वास यायला लागला. एक पान धरून बघायला गेले तर सगळे झाडच हातात आले! मुळे काळी पडली होती.

मी कुंडी खिचडीच्या खोलीमागे लपवून ठेवली. गुरुजींनी विचारले तेव्हा "मांजराने पाडली" असे सांगितले. मांजर बिचारे खिचडीच्या वेळेलाच येते. दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी आजीने कान धरला, तेव्हा मी सगळे सांगितले.

आजी म्हणाली, "आगं, ती काय म्हैस हाय व्हय, रोज पाणी दाखवायला? वर बघ की जरा." मी वर बघितले. आमच्या चौकटीला आजीने मोठी कोरफड उलटी टांगली आहे, मुळे वर आणि पाने खाली. तिला ना माती, ना पाणी. तरी ती हिरवी होती आणि तिचा शेंडा वळून आभाळाकडे चालला होता. रोज तिच्याखालून मी जा-ये करते, पण माझ्या डोक्यात आले नाही. आजी म्हणते ती नजर लागू नये म्हणून असते. गुरुजी म्हणतात, नजरेचे काही नाही, तिच्या पानांत पाणी साठलेले असते. मी दोघांचेही ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कुंडी आण, काय उरलेय ते बघू." आणि बाईंना पत्र लिहायला सांगितले. ते पत्र मी चार वेळा लिहून फाडले.

मग गुरुजींनी वर्गात एक प्रयोग केला. जास्वंदीचे एक पान आणि मोठ्या कोरफडीचे एक पान तोडून खिडकीत ठेवले. जास्वंदीचे पान दुसऱ्या दिवशी कुरकुरीत झाले. कोरफडीचे पान दोन आठवड्यांनी कापले तर आत गर ओलाच होता. पानांवर बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक झाडांची ती दिवसा उघडी असतात आणि उन्हात पाणी उडून जाते. कोरफड ती दिवसा बंद ठेवते आणि रात्री गारव्यात उघडते. म्हणून तिला तहान कमी. मुळे सतत ओल्यात राहिली की त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

मेलेल्या रोपाच्या बुडाशी दोन पिल्ले होती. एक कुजलेले होते, दुसरे अंगठ्याएवढे आणि टणक होते. गुरुजींनी ते स्वच्छ चाकूने कापून वेगळे केले. लगेच लावायचे नाही हे मला नवीनच कळले. कापलेली जागा सुकून खपली धरेपर्यंत सावलीत ठेवायचे. आम्ही पाच दिवस ठेवले.

कुंडी म्हणून मी संक्रांतीचे सुगड आणले. त्याला खाली भोक हवेच. पहिले सुगड मी खिळा ठोकून फोडले. दुसरे रात्रभर पाण्यात भिजवले आणि खिळा हळूहळू फिरवला, तेव्हा नीट भोक पडले. त्यावर खापरीचा तुकडा ठेवला. माती शेतातली काळी घ्यायची नाही, ती पाणी धरून ठेवते. आम्ही ओढ्याची जाड वाळू दोन वाट्या, बारीक मुरूम एक वाटी आणि चाळलेले शेणखत अर्धी वाटी घेतले. पिल्लू लावून आठ दिवस एक थेंबही पाणी घातले नाही. मला ते फार जड गेले.

आता पाणी घालण्याआधी मी मातीत बोट घालते. आत ओल लागली की परत जाते. थंडीत महिन्याला एकदाच घातले. आता ऊन वाढलेय म्हणून आठ-दहा दिवसांनी घालते, तेही बुडाशी, पानांच्या बेचक्यात नाही. एकदा तिला एकदम भर उन्हात ठेवले तर ती तांबूस झाली. आता सकाळचे ऊन लागेल अशी ठेवतो. पौषात पानांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला. दादा म्हणाले, "हा पिठ्या ढेकूण, आपल्या डाळिंबावर येतो तोच." साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून मी तो पुसून काढला. हिचा गर कोणी भाजल्यावर लावू नका आणि चाटूनही बघू नका, ही शोभेची आहे.

बाईंचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, "माझ्या हातूनही पहिली अशीच मेली होती." मी ते पत्र भूगोलाच्या पुस्तकात ठेवले आहे.

माझ्या रोपाला आता दोन पिल्ले झाली, म्हणून सुगडे तीन. त्यांतले एक गुरुजी शिक्षण परिषदेला जातील तेव्हा बाईंना देणार आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्याची पाळी दर शनिवारी माझी आणि शाळेशेजारच्या माझ्या मैत्रिणीची आहे. पहिलीतल्या मुलांनी मधल्या सुट्टीत बाटलीतले उरलेले पाणी सुगडात ओतू नये. मी मोजून ठेवले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी