फराळाच्या ताटातील व्याकरण

सुटीत मुलांच्या हाती व्याकरणाचे पुस्तक देणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. तथापि इंदुरातील आपल्या घरांत एक अडचण आहे. शाळेत हिंदीतून शिकणारे मूल घरी येऊन ‘माझी पुस्तक’, ‘आमचा घर’ असे बोलू लागते. दोष त्याचा नव्हे. हिंदीत लिंगे दोनच. तेथे पुस्तक स्त्रीलिंगी व घर पुल्लिंगी. आपले नपुंसकलिंग त्याच्या जिभेवरून हळूहळू नाहीसे होते.

म्हणून गेल्या दिवाळीत देवळाच्या सभामंडपात सात-आठ मुले जमवून आम्ही फराळाचाच खेळ मांडला. तीन ताटे: ‘तो’चे, ‘ती’चे आणि ‘ते’चे. परातीतील पदार्थ उचलावयाचा, त्याच्या नामापूर्वी विशेषण जोडावयाचे आणि योग्य ताटात ठेवावयाचा: मोठा लाडू, मोठी करंजी, मोठे कडबोळे. चुकल्यास पदार्थ परत परातीत. शंकरपाळ्यांपाशी मात्र आमचीच फजिती झाली. एका चिमुरडीने ‘ती शंकरपाळी’ म्हणत मूठभर शंकरपाळी ‘ती’च्या ताटात टाकली आणि आम्ही मान डोलावली. खांबापाशी बसलेल्या तिच्या आजींनी विचारले, “अहो, एकच असेल तर काय म्हणाल?” एक असेल तर ते शंकरपाळे, अनेक झाली म्हणजे ती शंकरपाळी! तेव्हापासून पदार्थ एकेकच उचलावयाचा, असा नियम केला.

पुढे एकाने विचारले, ‘गोड’ का बदलत नाही? उत्तर लगेच देऊ नये. लहान, खमंग, खुसखुशीत असे शब्द मुलांकडूनच काढून घ्यावेत. बहुधा आकारान्त विशेषणेच नामाप्रमाणे रूप पालटतात, हे त्यांना आपणहून सापडते.

मोठ्या मुलांस ‘वर’ हा एक शब्द पुरे. ‘देवाने वर दिला’ येथे तो नाम, ‘आकाशकंदील वर चढवला’ येथे क्रियाविशेषण, आणि ‘ओट्यावर पणत्या लावल्या’ येथे शब्दयोगी अव्यय. वाक्यातील काम पाहिल्याविना शब्दाची जात सांगता येत नाही. शाळेतील ‘संज्ञा’ म्हणजे आपले नाम, ‘संबंधबोधक’ म्हणजे आपले शब्दयोगी, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. केवलप्रयोगी अव्यये शिकवावी लागत नाहीत. फुलबाजी पेटली की ‘अहाहा’ आपोआप निघते. उभयान्वयी अव्यये मात्र अद्याप आम्हांस खेळात बसवता आलेली नाहीत.

‘ते’चे ताट नेहमी रिकामे राहते. येत्या सुटीत त्यासाठी पूजेचे साहित्य घेणार आहोत: ताम्हन, निरांजन, फूल, तुळशीचे पान.